बंद कूलरचा मे महिना

आज दुपारी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. पहिलं पाणी पडलं आणि तो ओला, मातकट, गार वास घरभर पसरला. सगळ्या नागपूरला या वासाने हायसं वाटतं. मला मात्र एक कोरडा मे महिना आठवतो, आणि त्या वर्षी गच्चीवरच्या खोलीत बांधलेल्याच राहून गेलेल्या ताट्या.

लेक दिवस भरण्याच्या कितीतरी आधी आली. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून सुटून घरी आली तेव्हा ऊन ऐन भरात होतं. तिला थेट वारं लागू देऊ नका, एवढंच डॉक्टर म्हणाले होते; घरच्यांनी त्या वर्षी कूलर लावलाच नाही. सासरे डोक्यावर ओला पंचा घेऊन बसत, नवरा घामाघूम होऊन जेवे, पण कुणाची तक्रार नव्हती. एवढंसं अंग उन्हाळ्यातही स्वतःची ऊब धरत नव्हतं; तिला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, हे काम तेवढं माझं. आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मला तिच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं, भीतीसुद्धा नाही. पान्हा आटला होता, रडूही आटलं होतं. येणारे-जाणारे म्हणत, आईची माया ती, जाते कुठे! ते ऐकलं की वाटे, आपण जिवंत तरी कशाला आहोत.

सासूबाई सावनेरकडच्या, कापूस वेचून हात खरखरीत झालेल्या. एका दुपारी मी त्यांना सांगून टाकलं, "मला ही माझी वाटतच नाही." आता त्या घर डोक्यावर घेणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी पदर सारला आणि पोर स्वतःच्या छातीशी धरली.

"नाही वाटत तं नको घेऊ वं. माह्यापाशी राहू दे. तुले वाटन तेव्हा माग. अन् उद्या डॉक्टरीनबाईकडे जाऊ, दुखणंच होय हे."

दुखण्याला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या. माया मात्र गोळीसारखी वेळेवर आली नाही. रोज दुपारी सासूबाई खिडकीकडे पाठ करून, झळ अडवून, पोरीला घेऊन बसत आणि मी पाहत राही. एकदा त्यांच्या हनुवटीवरचा घाम पोरीच्या टाळूवर पडला. मी ओढणीने पुसायला गेले. ती मऊ टाळू माझ्या बोटाखाली उडत होती.

"द्या इकडे," मी म्हटलं. त्यांनी पोर दिली आणि तोंडावर पाणी मारायला मोरीत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आता त्या नाहीत. लेक माझ्याहून उंच झाली आहे. तिच्या अंगाला पहिला वास त्यांच्या घामाचा लागला, माझा नाही. ते दिवस मला परत मिळायचे नाहीत, आणि हे दुःख कुठल्याच गोळीने गेलं नाही. ती कूलरसमोर लोळते तेव्हा मी नकळत मध्ये जाऊन बसते, वाऱ्याकडे पाठ करून.

"आई, सरक नं, काहून हवा अडवून राहिली?"

मी सरकते. थोडीशीच.