खोलीच्या तापमानावरच्या काकड्या

लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरातली फजिती लिहून ठेवायचं कामही माझ्याकडेच आलं. सोपं एवढंच की फजितीही माझीच आहे.

आमचं गाव शिरपूरजवळ आणि कॉलेज धुळ्याला. परीक्षेआधी विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाने एक आंबवलेला पदार्थ करून न्यायचा होता. पदार्थ नासला की नापास! मी निवडलं मिठाच्या पाण्यातलं काकडीचं लोणचं. तेल नाही, मसाला नाही. मोरीच्या पाण्यावर वाढलेला काकडीचा वेल परसात होताच. एप्रिलमध्ये अभ्यासाच्या सुट्टीला घरी आलो आणि प्रयोगाला बसलो.

आमच्याकडे लोणच्याला ओला चमचासुद्धा लागू देत नाहीत. मी तर बरणीत तांब्याने पाणी ओतत होतो. ते बघून मायच्या हातातलं सूप खाली पडलं.

"लोनचामा पानी? येडा व्हयना का?"

"पुस्तकमा लिखेल शे, माय!"

"लिखनारनी कधी लोनचं घालेल शे का?"

मी प्रेमाने हसलो. (शिकलेला माणूस हसतो तसं. आता आठवलं की कान गरम होतात.) मीठ तोलून घातलं आणि जाहीर केलं, "आता ह्या दोन बरण्या आठवडाभर खोलीच्या तापमानाला ठेवायच्या."

मायने पडलेलं सूप उचललं. मग म्हणाली, "कोनी खोली? आपली, का त्या पुस्तकवालानी?"

बरण्या मी माझ्या पत्र्याच्या खोलीत फळीवर मांडल्या. वर चिठ्ठी चिकटवली, 'प्रयोग चालू आहे. हात लावू नये.' (घरात वाचता येणारा मी एकटाच, हे चिकटवल्यावर लक्षात आलं.)

चार-पाच वाकड्या काकड्या उरल्या होत्या. मायने विचारलं, "उरेल काकड्या माले देशी का?"

"घे," मी म्हणालो, "पण त्यात विज्ञान नसेल."

दुसऱ्याच दिवशी माझ्या बरण्यांत बुडबुडे आले. मी आबांना, म्हणजे वडिलांना, हाताला धरून आणलं. "बघा, जिवंत आहे!"

आबा दोन पावलं मागे सरले. "चावस का?"

तिसऱ्या दिवशी फेस झाकणाबाहेर आला, फळीवरून ओघळला आणि खाली खुंटीला लटकलेल्या आबांच्या लग्नाकार्यात घालायच्या टोपीत साठला. चौथ्या दिवशी वास आला. आमचं मांजर शेजारी राहायला गेलं! सहाव्या दिवशी मी बरणीत हात घातला, तर काकडी बोटांतून हलव्यासारखी निसटली.

"बठ्ठं नासी गयं!" आबा म्हणाले. मग माझा चेहरा बघून घाईने, "पन मऊ शे. माले दात नैत, माले चालस."

दुपारी पत्रा इतका तापायचा की त्या खोलीत उभं राहवत नव्हतं. आठवडाभर मी स्वतः ओसरीवर झोपत होतो आणि काकड्यांना मात्र पत्र्याखाली ठेवलं होतं! दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने धुळ्याला जायचं होतं आणि हातात काहीच नव्हतं.

तेव्हा माय उठली. पाण्याच्या माठाखाली ओली वाळू असते, तिच्यात गळ्यापर्यंत पुरलेली एक बरणी तिने उपसून काढली. आत वाकड्या काकड्या, वर आंब्याचं पान. तिने एक माझ्या तोंडात घातली. कुडूम!

"मीठ किती घातलंस?"

"जिभनी सांगं तितलं."

"आणि वाळूत कशाला?"

"माले गरम व्हस, तर तिले व्हनार नै का? ही ली जाय."

बरणी घेतली. तिच्यावर माझी चिठ्ठीही चिकटवली! गाडीत मांडीवर धरून बसलो आणि वाटेत सोनगीर येईपर्यंत खोटं पाठ केलं.

प्रयोगशाळेत मॅडमनी काकडी चावली. तो आवाज ऐकून सगळा वर्ग वळला.

"छान! तापमान किती होतं?"

"खोलीचं, मॅडम."

"कुठल्या खोलीचं?"

पाठ केलेलं सगळं तिथेच संपलं. पुस्तक मीही वाचलं होतं, पण हा प्रश्न दोघींनाच सुचला होता. मी माठ, वाळू, जीभ, सगळं सांगून टाकलं. फळीवरच्या दोन बरण्यांचंही. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

नंतरचे आठ दिवस घरी मी काकडीकडे बघितलंही नाही. माय विचारायची, "काय म्हनी तुनी मॅडम?" मी म्हणायचो, "चावली." एवढं तरी खरं होतं.

शेवटी फोनवर निरोप आला. तो मायला मोठ्याने वाचून दाखवला. मी पास झालो होतो. पुढच्या शुक्रवारी वर्गाला काकड्या घालून दाखवायला मॅडमनी मायला बोलावलं होतं. मायने पदराने तोंड झाकून घेतलं आणि आबा टोपी धुवायला उठले.

शेवटची ओळ मी वाचून दाखवली नाही. तिथे लिहिलं होतं, "सोबत तुम्हीही या. मात्र बरणीला हात लावू नका."