‘कोंडाबाई’ची लांबची फेरी

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी वडगावला तहसील कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होतो. एका दाखल्यावर सही व्हायची होती. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं. त्याला बोलूही न देता मी विचारलं, "बोट बुडाली का?" तो म्हणाला, "बोट काठावर पालथी आहे, दादा... अप्पा गेले. चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली." माणूस कोरड्या जमिनीवर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत गेला, आणि मी मात्र पाण्याची बातमी ऐकायला तयार होतो. पवनेच्या पाण्यातून परतल्यापासून मी त्या फोनची वाटच पाहत होतो की काय, असं आता वाटतं.

अप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते, मिलिंदचे वडील. लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये त्यांनी जन्मभर इंजिनं दुरुस्त केली. आमच्या घरात लग्नाला, बारशाला गोष्टी रंगवून सांगायचं काम माझ्याकडं असतं, कारण दुसरं कुठलं काम माझ्यावर सोपवायला कुणी धजावत नाही. अप्पांच्या गोष्टी माझ्या हुकमी. चालत्या गाडीचा आवाज ऐकून ते डब्याला किंवा इंजिनाला काय झालंय ते सांगायचे, आणि काकीनं दिलेली भाजीची पिशवी मात्र दर आठवड्याला फलाटावर विसरून यायचे. पण ही बोटीची गोष्ट रंगवायला गेलो की हसण्याच्या जागा सापडत नाहीत.

आमचं गाव पवना धरणात गेलं. गावठाण चढावर होतं आणि आमची वस्ती खाली, नदीच्या अंगाला. कारण सांगायला नको. त्यामुळं पाणी सगळ्यात आधी आमच्याकडं आलं आणि सगळ्यात खोलही आमच्यावरच राहिलं. उन्हाळ्यात धरण उतरलं की गावाच्या देवळाचं शिखर वर येतं, मग खांबही दिसतात, लोक गाड्या करून बघायला येतात, फोटो काढतात. आमची वस्ती कधीच वर येत नाही. वस्तीच्या खालच्या पट्टीत आमच्या माणसांची माती होती. अप्पांची आई, म्हणजे माझी आजी कोंडाबाई, तिथंच आहे. ती गेली तेव्हा अप्पा लहान होते, आणि थोड्याच वर्षांत पाणी भरलं. देवळाची माणसं दरवर्षी आपल्या देवाला भेटून येतात, आपण आपल्या आईला कधी भेटायचं, एवढंच अप्पांच्या मनात होतं. ते त्यांनी वर्षानुवर्षं मनातच ठेवलं आणि साठी ओलांडल्यावर, हृदयाचं दुखणं जडल्यावर, एक मोटरबोट घेतली.

घरात सांगितलं ते असं, की मिलिंदला जोडधंदा होईल. काठावर तंबू टाकून राहायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, त्यांना फिरवता येईल. मिलिंद खंडाळ्याला हॉटेलात नोकरीला. त्यानं बोटीसाठी इंग्रजी नावं काढून ठेवली होती. अप्पांनी रंगाचा डबा आणून स्वतःच्या हातानं ‘कोंडाबाई’ लिहिलं. कोंडाबाईत बसायला कोण येणार, असं मिलिंद कुरकुरला. अप्पा म्हणाले, आम्ही चौघं भावंडं तिच्याच कडेवर बसलो होतो, कुणाची तक्रार नव्हती.

काकीला सगळं आधीच समजलं होतं. इंजिन दोरी ओढून चालू करायचं होतं, आणि छातीवर जोर येईल असं काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकी बोटीकडं फिरकली नाही. अप्पा मोठ्या बहिणीला, म्हणजे सुदुंबऱ्याच्या आमच्या आत्याला, घेऊन लांब आत जाणार हे कळल्यावर तिनं मला बोलावून घेतलं. "तू संगं जा," ती म्हणाली. "दोरीला त्यांना हात लावू द्यायचा न्हाई. तुला तेवढं तरी जमल का?" जमेल म्हणालो. काठावर सरावही केला. प्रत्येक वेळी इंजिन मुकाट्यानं चालू झालं आणि मी फुगलो. फुगायला जागा होती असं नाही, कारण लाइफ जॅकेटचे बंद माझ्या पोटावर आधीच एकमेकांना भेटत नव्हते.

निघताना शेजारचे बोटवाले बाळूभाऊ नारळ घेऊन आले. मूळचे गावठाणातले, मनानं सरळ माणूस. अप्पांनी आधीच त्रिशरण म्हणून पाण्यावर फुलं सोडली होती. ते हसून म्हणाले, "आमच्यात नारळ वाढवत न्हाईत, बाळूभाऊ. खोबरं मात्र खातो, तेवढं द्या." बाळूभाऊ हसले नाहीत. तुंगकडचा वारा सुटायच्या आत परत फिरा, आणि आतल्या आमराईचे खुंट यंदा पाण्याच्या जरा खालीच आहेत, दिसणार नाहीत, एवढं सांगून ते नारळ हातात तसाच धरून उभे राहिले. बराच वेळ मागं बघितलं की ते दिसत होते.

जाताना सगळं गुळगुळीत होतं. डावीकडं तिकोना, समोर तुंग, मध्ये आम्ही तिघं आणि आत्याच्या भाकरीचा डबा. अप्पा सुकाणूला. ते पाण्यातून सरळ जात नव्हते. मध्येच वळायचे, आणि विचारलं की सांगायचे, हितनं गाडीवाट वळायची. आत्या म्हणायची, गाडीवाट पुढं होती, तुला काय म्हाईत, तू तवा नागडा फिरायचास. असं भांडत भांडत दोघं घरी चालले होते. पाणी मात्र काळं होत गेलं. होळी होऊन गेली होती, ऊन चढलं होतं, तरी त्या भागात अंगाला गारवा लागत होता. पाखरूही दिसत नव्हतं.

मग दोघांचं भांडण एकदम थांबलं. तुंगचा सुळका आणि अलीकडची टेकडी एका रेषेत आली तशी आत्यानं पायातल्या चपला काढून मांडीवर घेतल्या. अप्पांनी इंजिन बंद केलं, पाण्यातला पंखा थांबला.

मी घाबरून विचारलं, बंद कशाला, नुसतं हळू करा. ते माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, "आयेच्या अंगावरनं पंखा फिरवायचा व्हय?"

नमस्काराला वाकता येईना म्हणून त्यांनी जॅकेटही काढून ठेवलं. दोघं भावंडं बोटीच्या काठावर ओणवी झाली, हात पाण्यात बुडवले. आत्या पुटपुटत होती, नातवंडांची नावं सांगत होती. अप्पांचा हात मनगटाच्या वरपर्यंत पाण्यात होता आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मला ते बघवेना... तेवढ्यात पाण्यावर पश्चिमेकडून एक काळी रेघ सरकत आली. वारा सुटला होता.

मी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. बोट आडवी होऊन वाहायला लागली होती, आणि ज्या बाजूला वाहत होती तिकडं पाण्याखाली काहीतरी काळं काळं उभं होतं. मी ओढत राहिलो, तळहात सोलले, एकदा तर मागं कोसळून भाकरीच्या डब्यावर बसलो. मग बोटीच्या तळाला खालून काहीतरी घासत गेलं, लांब, सावकाश. आमच्या पायांखालून ते पुढून मागं गेलं. आमराई. आमच्यातल्या एकालाही पोहता येत नव्हतं.

"सरक," अप्पा म्हणाले. मी दोरी सोडली नाही. काकीचं नाव घेतलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या हातातली वस्तू काढून घ्यावी तशी, आणि म्हणाले, "तिला सांग, ह्यो म्हातारा ऐकत न्हाई. तिला ठावं हाये." त्यांनी एकदाच ओढली. इंजिन लागलं. ते मागं टेकून बसले तेव्हा त्यांच्या तोंडाचा रंग त्या पाण्यासारखा होता. आत्यानं ओला हात त्यांच्या छातीवर ठेवला आणि काठ येईपर्यंत काढला नाही. सुकाणू माझ्याकडं आलं. मी बोट कशी आणली ते विचारू नका. बाळूभाऊ निम्म्या वाटेत त्यांची बोट घेऊन समोर आले, त्यांच्या मागं मागं आलो एवढंच.

आत्यानं घरी पोचताच काकीला सगळं सांगितलं. काकी कुणावर ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माणसं लावून बोट वर ओढून घेतली आणि पालथी करून ठेवली. अप्पांनीही हट्ट केला नाही. भेटायला गेलो की म्हणायचे, काम झालंय माझं. मला ते वाक्य आवडायचं नाही. डॉक्टर म्हणतात, त्या दिवसाचा आणि जाण्याचा संबंध लावू नका. मी लावत नाही. पण दोरी हाताला लागते...

गेल्या आठवड्यात अस्थी घेऊन गेलो. कुठं न्यायच्या ते काकीनंच ठरवलं: त्यांच्या आईजवळ. बोट सुलटी केली, आणि जन्मात पहिल्यांदा काकी तीत बसली, दोन्ही हातांनी फळी गच्च धरून. इंजिन मिलिंदनं चालू केलं. वारा पडलेला होता, तरी माझी नजर सारखी तुंगकडं. टेकडी आणि सुळका एका रेषेत आले. आत्यानं चपला काढल्या. मिलिंदचा हात बंद करायच्या बटणाकडं गेला.

"राहू दे," काकी म्हणाली.

आत्यानं तिच्याकडं पाहिलं. आत्याच्या आईच्या अंगावर आम्ही पंखा फिरवत उभे होतो. काकीनं नजर वळवली नाही. म्हणाली, "रेल्वेच्या क्वार्टरात होतो तवा भाईर इंजिनं धडधडत उभी असायची. त्या आवाजात ह्यांना झोप लागायची. बंद झालं की दचकून उठून बसायचे, म्हणायचे, काय झालं गं... चालूच ठेव, मिलिंद."

आत्यानं हळूच मान हलवली. मिलिंदनं वेग अगदी कमी केला. काकीनं मडक्याचं फडकं सोडलं, आणि आम्ही त्या जागेभोवती सावकाश फिरत राहिलो, इंजिन चालू ठेवून.