काकूंचा उंबरा आणि आमच्या रॅम्पचा पाइप

रविवार, २६ मे, सकाळी साडेसहा. हजर: मी, माझा नवरा, मिस्त्री भैया, आणि आपल्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या शेजारच्या काकू. गल्लीतल्या बाकीच्या घरांना मी आदल्या दिवशी सांगून आले होते, पण कोणी आलं नाही. सामान: एक लांब पारदर्शक नळी, पाण्याची बादली, टेप, खडू, वही.

पावसाळ्याला तीन आठवडे उरले होते. तेवढ्या वेळात काकूंच्या घरात पाणी शिरणं थांबवायचं होतं.

काकू राइट टाउनच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. गेली काही वर्षं जोराचा पाऊस आला की त्यांच्या पुढच्या खोलीत घोटाभर पाणी साचतं. मुलगा नागपूरला असतो. त्याने फोनवर निक्षून सांगितलं होतं की या वर्षी एकदा जरी पाणी आत आलं, तर घराला कुलूप घालून तुला इकडे आणणार. काकूंनी मला हे गच्चीवर पापड उलटता उलटता सांगितलं. तिथला फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे म्हणाल्या, पाणी काही वर येणार नाही, आणि माणूसही येणार नाही.

मी खमरियाला कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करते. तिथे माल कमी भरला तर नुसतं तेवढं सांगून भागत नाही. किती, कधीपासून, कोणाच्या हातून, हे लिहावं लागतं. इथेही तसंच करायचं ठरवलं. माझा संशय रस्त्यावर होता. आमची अधारतालची गल्ली मुख्य रस्त्यापासून खाली, जुन्या तलावाच्या अंगाला उतरते. थोड्या थोड्या वर्षांनी तिच्यावर नवा थर चढतो; घरं आहेत तिथेच राहतात. उंची मोजायची, आकडे घालून महापालिकेकडे अर्ज करायचा, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, असा बेत होता. अर्जाचा मसुदा तयार होता, फक्त आकड्यांच्या जागा रिकाम्या होत्या.

मोजायची रीत सोपी आहे. नळीत पाणी भरायचं, बुडबुडे काढायचे आणि दोघांनी दोन टोकं उभी धरून लांब उभं राहायचं. जमीन कितीही वरखाली असो, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर थांबतं. तिथून खाली टेप सोडला की कुठली जागा किती खोल ते कळतं.

काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काहून ग, रस्त्याचा बीपी घेऊन राहिली का?"

"रस्त्याचा नॉर्मल आहे काकू," नवरा दुसरं टोक धरून म्हणाला. "माझा वाढून राहिला."

रस्ता उंच निघालाच. मी आकडे लिहिले आणि वही मिटली. पण मिस्त्री नळी गुंडाळेना. पाणी सडकेवरून थोडंच जातं, नालीतून जातं, तर नालीही मोजून घ्या, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, नाली उताराला आहे, दिसतंय की डोळ्यांना. तो वाद न घालता नळीचं टोक घेऊन नालीत उतरला.

काकूंच्या घरासमोरून आमच्या घरापर्यंत नालीचा तळ नीट उतरत होता. आमच्या फाटकासमोर सहा वर्षांपूर्वी नालीवर सिमेंटचा रॅम्प घातलेला आहे, आणि पाणी जायला त्याच्याखाली पाइप आहे. त्या पाइपाचं तोंड तळापासून चांगलं वीतभर वर होतं. मिस्त्रीने एक टोक तिथे धरलं आणि मला दुसरं काकूंच्या उंबऱ्याशी धरायला सांगितलं. मी टेप लावला. पुन्हा लावला. उंबरा आणि पाइपाचं तोंड जवळजवळ एकाच पातळीत होतं. म्हणजे आमचा पाइप पाणी घ्यायला लागेपर्यंत काकूंच्या खोलीत ते पोचलेलं असणार. आणि पाइपही कसला, चार इंची, अर्धा मातीने भरलेला.

"दीदी, ये किसने डलवाया था?" मिस्त्रीने विचारलं.

"मैंने."

तो बाथरूमच्या कामातून उरलेला पाइप होता. वाया जाऊ नये म्हणून मीच तो तिथे टाकायला लावला होता. जुन्या वहीत तशी नोंदही सापडली, पुढे बरोबरची खूण केलेली. पाहुणे आले की मी त्यांना भेडाघाटला नेते आणि नर्मदेने संगमरवर कसा कापत नेला ते सांगते. माझ्या फाटकासमोरचं पाणी कुठून कुठे जातं, हे मात्र मी सहा वर्षांत एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

अर्ज फाडला. मग काकूंच्या समोर पायरीवर बसले आणि सांगून टाकलं की तुमच्या घरात पाणी रस्त्यामुळे येत नाही, आमच्या रॅम्पमुळे येतं, आणि तो मी उद्याच तोडते.

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. "माहीत होतं ग मले."

"कधीपासून?"

"पहिल्याच पावसात दिसलं ना. पण तुझी सासू त्याच्यावरूनच बाहेर येत होती. चार लोकांत बसायची, हसायची. कसं बोलू? मग त्या गेल्या. म्हटलं, आता बोललं तर तुला वाटेल इतके दिवस हिने मनात ठेवलं."

रॅम्प सासूबाईंच्या चाकांच्या खुर्चीसाठीच केला होता. त्या गेल्यापासून त्याच्यावरून फक्त आमची गाडी आत-बाहेर होते. मला काकूंचा रागही आला, खरं सांगते. सहा पावसाळे खोलीतलं पाणी सुपलीने उपसलं आणि माझ्याकडे येऊन चहा प्याल्या.

नवऱ्याचा प्रश्न गाडीचा होता. ती काय डोक्यावर ठेवू, म्हणाला. मी म्हटलं, सध्या बाहेर उभी कर, नंतर लोखंडी जाळी टाकू, म्हणजे खाली नाली मोकळी राहील. तो कुरकुरला, पण सोमवारी सकाळी गाडी त्यानेच बाहेर काढली आणि मिस्त्रीच्या हातातून घण घेऊन पहिला घाव त्यानेच घातला. दुपारपर्यंत रॅम्प गेला. माती काढून तळ सरळ केला. संध्याकाळी काकूंच्या गच्चीवरची टाकी, तशीही धुवायची होती, नालीत रिकामी केली. पाणी आमच्या फाटकासमोरून न थांबता निघून गेलं. काकू काठी टेकत त्याच्या बरोबरीने चालत आल्या.

ते तीन घरं खाली जाऊन थांबलं.

खाली आणखी तीन रॅम्प आहेत, हे मला दिसत होतं. मोजले नव्हते एवढंच. आमचा अडथळा गेल्यावर पाणी तिथे तुंबणार आणि हळूहळू परत वर काकूंच्या उंबऱ्याकडे चढणार. मंगळवारपासून मी नळी घेऊन एकेका दारात गेले. पहिल्या घरच्यांना मोजून दाखवलं, त्यांनी त्याच आठवड्यात पाइप काढून जाळी टाकली. दुसऱ्या घरातल्या गृहस्थांनी आधी मला तुम्ही इंजिनिअर आहात का असं विचारलं. मी त्यांना नळीचं टोक हातात दिलं. त्यांचंही काम झालं.

तिसरा रॅम्प गल्लीच्या खालच्या टोकाला आहे, सगळ्यांत सखल जागी. घर बंद असतं, मालक बाहेरगावी. शेजाऱ्यांकडून नंबर मिळवला, चार वेळा फोन केला, मापं आणि फोटो पाठवले. एकदा उचलला तेव्हा म्हणाले, दिवाळीला येऊ तेव्हा बघू. मग मी कळवलं की रॅम्प आम्हीच तोडतो, तुम्ही फक्त परवानगी लिहून पाठवा. काकूंच्या मुलालाही मी सगळं कळवलं आहे; तो म्हणाला, पहिला मोठा पाऊस होऊ द्या, मग बोलू.

आज १३ जून. नाली मुख्य रस्त्यापासून शेवटच्या घरापर्यंत साफ आहे. मिस्त्रीला रविवारची सकाळ राखून ठेवायला सांगितली आहे. मालकांची लेखी परवानगी अजून यायची आहे.