सहानंतर आठ

मी एक खोटं बोललो आणि ते व्यवस्थित चाललं. चाललं नसतं तर त्याच दिवशी पकडला गेलो असतो, आणि ते सगळ्यांच्या भल्याचं झालं असतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीत बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात आम्ही दोघे प्रोग्रामर होतो. दुसरे माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. मी त्यांना दादा म्हणत असे. समुद्रावर जाण्याआधी बोटी आमच्याकडून बर्फ भरून घेत. आधी कुणाला द्यायचा, यावरून खलाशांत पूर्वी मारामाऱ्या होत. लांब जाणारी बोट आधी, की मागच्या वेळी रिकाम्या हाताने परतलेली आधी? असल्या भांडणांची उत्तरं दादांनी ओळ न् ओळ स्वतः लिहून एका प्रोग्राममध्ये बसवली होती. बर्फ वाटायच्या खिडकीतल्या काळ्या पडद्यावर पाळीचा नंबर उमटे आणि लोक तो मुकाट मानत.

मग मुंबईहून नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात कोड जवळजवळ लिहायचाच नव्हता. चौकटी ओढून आणायच्या, बटणं ठेवायची, विचारेल त्याची उत्तरं द्यायची, बाकीचं ते करणार.

"म्हणजे आपण फक्त मुलगी पसंत की नाय एवढं सांगायचं," दादा म्हणाले. "संसार हा करणार?"

आम्ही हसलो. पण नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटतील तेव्हा सगळं नव्यावर असेल, असा शब्द मी कारखान्याच्या कमिटीला देऊन बसलो होतो. पडदे देखणे झाले. क्रम मात्र लागेना. बंदरावरची भांडणं त्या प्रश्नोत्तरांत मावत नव्हती. शेवटी मी एका बटणामागे दादांचा जुना प्रोग्राम लपवला. क्रम तो काढी, नवं सॉफ्टवेअर फक्त रंगीत चौकटीत दाखवी. पुढच्या आठवड्यात नीट करू, अशी मी स्वतःची समजूत घातली. दादांना सांगितलं, "जुनं काढून टाकलं. सगळं यानेच केलंय."

पहिल्या दिवशी खिडकीपाशी गर्दी होती. अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. पाच आला, सहा आला. मग चौकट कोरी झाली. नुसती निळी. एक श्वास घेऊन सोडावा इतका वेळ. मग आठ.

लोकांना त्याचं काही वाटलं नाही. जुन्या पडद्यावरही सात कधी येत नसे. अपशकुनाचा असेल, असं सगळे समजत. मीही. मागे उभ्या असलेल्या दादांनी माझा खांदा दुखेल इतका घट्ट धरला.

"याला कुणी सांगितलं?"

"काय?"

"सातची जागा सोडायची ते." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "बाबांची बोट जेटीवर सातव्या जागी लागायची. गेली ती आली नाय. ना लाकूड मिळालं, ना माणूस. म्हणून मी ती जागा मोकळी ठेवली होती. कुणाला बोललो नाय रे. आईला पण नाय."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण कमिटीचे अध्यक्ष शेजारीच पेढे वाटत होते. मी म्हणालो, "दादा, ही नवी सॉफ्टवेअरं काय काय ओळखतात, आपल्याला काय कळणार?"

त्यानंतर दादांनी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. "आपण लिहिलेलं उघडून वाचता येतं. याच्या आत बघायचं कुठून?" एवढंच एकदा म्हणाले.

घरी मात्र त्यांनी सांगितलं असावं. कारण त्यांची आई येऊ लागली. ऊन उतरलं की खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसायची. सहा आला की ती पदर सावरायची. चौकट कोरी व्हायची, आणि तिचे ओठ हलायचे. एरवी शिव्यांशिवाय न बोलणारे खलाशी तेवढा वेळ गप्प राहत. एकदा तिने मला जवळ बोलावलं.

"आज वायच जास्ती थांबले हे. नाय?"

मशीन जुनं होतं, कधीकधी रखडायचं. मी म्हणालो, "हो, काकी."

चौकट कोरी का होते, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरीही सहा आला की मी पडद्यावरून नजर काढून घेऊ लागलो.

दिवाळीनंतर दादांनी राजीनामा दिला आणि आईला घेऊन मालगुंडला नातेवाइकांची बाग सांभाळायला गेले. आता प्रोग्रामर एकच पुरे, असं कमिटीने ठरवलं. तो एक मी.

काही वर्षांनी दादा एसटी स्टँडवर भेटले. आंब्याच्या फवारणीबद्दल बोलता बोलता सहज म्हणाले, "आई संध्याकाळी बंद टीव्हीपुढे बसते. म्हणते, इथे येत नाहीत ते. माझ्यावरच रागावलेत."

 दुसऱ्या दिवशी मालगुंडची गाडी पकडली आणि दादांच्या ओटीवर बसून सगळं सांगितलं. बटण, त्यामागचा त्यांचा प्रोग्राम, पेढे. ते ऐकताना सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"मेल्या, मी धंदा सोडला रे. मला वाटलं, माझ्या डोक्यातलं कुणीतरी काढून घेतलं."

मी मान खाली घातली. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग आतल्या दाराकडे हात केला. "मला सांगून काय? तिला सांग."

आत अंधारं होतं. ती टीव्हीच्या काळ्या काचेसमोर पाट घेऊन बसली होती. काचेत आम्ही दोघं दिसत होतो, ती आणि मागे उभा मी. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"काकी," मी म्हणालो, "ती जागा तुमच्या मुलाने ठेवली होती. त्या मशीनला काहीसुद्धा कळत नव्हतं. काका तिथे कधी येत नव्हते, म्हणून ते रागावलेलेही नाहीत. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी तुम्हाला हो म्हणालो. माझं चुकलं. मला माफ करा."