सुकं गोणपाट

हे मी कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, देवाला नाही — देवासमोर हात जोडले तरी एवढं वगळून बाकीचं सांगायचे. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, लिहायची सवय कधीच सुटलेली. तरी लिहिते. तोंडातून निघत नाही म्हणून.

जो कोण हे वाचशील, तुला वाटेल, सशांची गोष्ट, त्यात लपवण्यासारखं काय? मीही बरीच वर्षं स्वतःला तेच विचारून गप्प बसवलं.

लालबागच्या चाळीत एकाच खोलीत आमची दोन बिऱ्हाडं. मी, माझा नवरा, आमची सुमन. आणि धाकटा दीर नि त्याची बायको लीला. लीलाला मूल नव्हतं. दिरानं तिला क्रॉफर्ड मार्केटातून दोन ससे आणून दिले, एक पांढरा, एक करडा. गॅलरीत देवदारी खोक्यात ते राहायचे. आमची गॅलरी पश्चिमेची. बारानंतर ऊन शिरलं की दिवेलागणीपर्यंत हलायचं नाही. लीला खोक्यावर गोणपाट टाकून ते सतत ओलं ठेवायची. आत एक फुटका माठ आडवा करून ठेवलेला, त्याच्या गारव्यात ससे बसायचे. ओल्या हातानं त्यांचे कान पुसायची. म्हणायची, "वैनी, सशाला आपल्यासारखा घाम नाय येत. त्याचा ताप कानातनं जातो."

हे सगळं ती सुमनला शिकवायची. माझी सात वर्षांची पोर शाळेतून आली की आधी काकीकडे. रात्री झोपायला काकीजवळ. एकदा ताप चढला, तेव्हा ग्लानीत तिनं हाक मारली — "काकी". मी उशाशीच होते. कपाळावरची पट्टी माझ्याच हातातली. लीलाचा यात काही दोष होता का? नव्हता. म्हणूनच जास्त जळायचे.

मग संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस आले. बायकांचा मोर्चा निघाला. मी दाराआडून बघणारी. लीला सातवी पास, आवाज खणखणीत. पदर खोचून पुढे गेली आणि पकडली गेली. निघताना सुमनला सांगून गेली होती, "मला धरलं तर दुपारच्या सुट्टीत येऊन गोणपाट भिजव हां बाय." मला नाही सांगितलं. पोरीला सांगितलं.

शेजारची गोदाक्का नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गो, जाऊ तुरुंगात, नि तू घरात सशांची दाई?" बायका हसल्या. मीही हसले. हंडा घेऊन घरी आले.

त्याच दुपारी — बघ, इथवर आले की हात थांबतो.

सुमन सुट्टीत आली. पिंपातलं दोन तांबे पाणी घालून गोणपाट नीट भिजवलं. सशांचे कान पुसले. पांढऱ्याच्या कानात म्हणाली, "काकी येईल हां आता." आणि पळाली शाळेत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी उठले. गोणपाट ओढून काढलं, पिळलं आणि दोरीवर उन्हात टाकलं. वास मारतंय, असं मनाशी म्हटलं. वास कसला? मला ठाऊक होतं काय होणार ते. आत आले, फरशीवर पाणी शिंपडलं आणि आडवी झाले. खोक्यातून पाय आपटल्याचा आवाज येत होता — ठप्, ठप्. मग थांबला. थांबल्यावरही मी उठले नाही.

शाळा सुटायच्या आधी गोणपाट परत खोक्यावर घातलं. कोरडं ठणठणीत.

पांढरा गेला होता. करडा माठात धापा टाकत होता; तो जगला. सुमननं गोणपाटाला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं.

"आई, मी भिजवलं होतं ना गं?"

एवढंच विचारलं तिनं. आणि मी म्हटलं, "मला काय ठाऊक? विसरली असशील."

ससा मारला, ते एक. पण हे — याला काय म्हणायचं?

लीला सुटून आली तेव्हा चाळीनं गुलाल उधळला. थोरली जाऊ म्हणून तिला ओवाळायचा मान माझा. मी ताट घेऊन दारात उभी, तेवढ्यात सुमन मध्ये घुसली. "काकी, मी गोणपाट भिजवायला विसरले. आपला पांढरा मेला." लीलानं तिला उचलून घेतलं. दोघी रडल्या. "असू दे गो बाय. मी पण विसरले असते." सुमननं तिच्या गळ्यात हात घातले ते सोडेचना. माझ्या हातात ताट होतं. तोंड तर मोकळंच होतं.

लीला जाऊन तीन वर्षं झाली. शेवटपर्यंत वैनी, वैनी करायची. तिला सांगितलं नाही.

सुमन आता नायगावला असते, तिचाच संसार मोठा झाला. उन्हाळ्यात माझ्याकडे आली की पाणी पिण्याआधी माठावरचं फडकं चाचपते. ओलं असलं तरी त्यावर पुन्हा पाणी ओतते. परवा नात म्हणाली, "आई, ओलं तर आहे की!"

सुमन हसली. "असू दे. मी विसरते गं. लहानपणापासूनच."

मी तिथंच भाजी निवडत बसले होते. निवडत राहिले.