वाटी नसलेले गुडघे

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कर्वेनगरातल्या एका हॉस्पिटलात तो मला भेटला. तिथे हाडांचे पेशंट आणि बाळंतिणी एकाच मजल्यावर. मी बाकावर घाबरून बसलेलो, आणि हा नागपूरकडचा तरुण सकाळीच बाप झालेला. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, हातात जिलब्यांचा पुडा. अनोळखी माणूस एवढ्या आनंदानं बोलायला लागला की आम्हा पुणेकरांना आधी संशय येतो.

"घ्या काका, मुलगी झाली! भोकाड पसरते, पण डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. आणि गुडघ्याच्या वाटीचं तर अजून हाडच झालं नाही जी, नुसती मऊ कूर्चा!"

"माझी नेऊन द्या तिला," मी म्हणालो. "उद्या गुडघा बदलताहेतच."

तो इतका हसला की नर्सनं डोळे वटारले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "उभी धरली ना काका, की पावलं टाकते! आत्तापासून! डॉक्टर म्हणाले, थोड्या दिवसांत हे सगळं विसरेल आणि मग चालायला नव्यानं शिकेल. काय गंमत आहे जी!"

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दोन नर्सनी मला काखेत हात घालून उभं केलं. पाय लटपटत होते. समोरून तो मुलीला दुपट्यात घेऊन घरी निघाला होता. मी कसंबसं एक पाऊल टाकलं.

तो थबकला. ते इवलंसं तोंड माझ्याकडे वळवून ओरडला, "बघ, बघ! आजोबा सेम तुझ्यासारखे चालतात!"

सगळा मजला हसला. मी तिला दाखवायला आणखी एक पाऊल टाकलं.