सुलोचनाबाईंच्या गाडीचं स्टिअरिंग

जंगू मडावीला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. कारंज्याकडच्या गोंड वस्तीतून विसाव्या वर्षी तो वर्ध्याला आला, तीन गॅरेजं बदलली आणि शेवटी बोरगाव मेघेत स्वतःचं लेथ मशीन टाकलं. चहासुद्धा तो उभ्यानेच प्यायचा. त्याची बायको सखू म्हणायची, "ह्या माणसाले खुर्ची चावते."

२००४च्या हिवाळ्यात पुलगावच्या सुलोचनाबाई चिंतावार त्याच्याकडे आल्या. त्यांच्या घरी दोन सीटांची, छत दुमडता येणारी जुनी विलायती ट्रायम्फ गाडी होती. सासऱ्यांनी ती एका लष्करी साहेबाकडून हौसेनं घेतली होती. नवरा, प्रभाकरराव, कापडाच्या दुकानातून कधी उठले नाहीत, गाडी शिकले नाहीत. शिकल्या त्या सुलोचनाबाई. तीस वर्षं त्या पुलगाव-वर्धा रस्त्यावर ती चालवत होत्या.

मागच्या वर्षी अंगणात पडून त्यांचा उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हातात जोर आला नाही.

"नव्या गाड्यांत स्टिअरिंग बोटानं फिरते म्हणे," त्या म्हणाल्या. "तसं माह्या गाडीले करून द्या."

"मंग नवी गाडीच घ्या ना, बाई."

"कोणती गाडी घेऊ, हे विचारायले आली काय मी तुमच्याकडे?"

जंगू हसला आणि कामाला लागला. नागपूरच्या भंगारबाजारातून त्याने एका उलटलेल्या छोट्या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा आणला. त्यावरच विजेची मोटर होती. चालवणाऱ्याने चाक जरा वळवलं की पुढचा जोर ती लावायची. पण तिचा दांडा ट्रायम्फच्या दांड्याला जुळेना. जंगूने दोन्ही कापले आणि वेल्डिंग करून जोडले. मोटरला वीज पुरावी म्हणून जुना डायनमो काढून जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवला. पंधरा दिवसांत गाडीचं स्टिअरिंग उभ्या जागी दोन बोटांनी फिरू लागलं.

दुसऱ्याच दिवशी प्रभाकरराव एकटेच आले.

"जंगू, जमत नाही म्हणून सांग तिले."

"काऊन? झालं ना काम."

"मागच्या महिन्यात देवळीच्या वळणावर तिच्या हाताचा जोर पुरला नाई, गाडी वळलीच नाई. सरळ तुरीच्या वावरात गेलतो आम्ही. तिनं कोणाले सांगितलं नाई, मीही नाई. गाडी सोड म्हणतो, तं माह्यं ऐकत नाई ती. तुह्यं ऐकल."

प्रभाकरराव गेले, पण त्यांची भीती त्याच्या दुकानातच राहिली. दाराचं वेल्डिंग सुटलं तर दार पडतं. हे वेल्डिंग सुटलं तर बाईंच्या हातात नुसतं चाक राहील आणि गाडी जाईल तिकडे जाईल. तो ताटावरून उठायचा, हातोडीने जोड ठोकून बघायचा. आवाज चांगला यायचा. पण आतलं आवाजावरून कुठं कळतं?

"सांगून टाका ना जमत नाई म्हणून," सखू म्हणाली. "बुढाही तेच म्हणून राह्यला."

"जमते ना पण. जमते, अन् मन मानत नाई."

सहाव्या दिवशी त्याने आपलाच जोड करवतीने कापला. वरून घट्ट दिसणाऱ्या वेल्डिंगच्या आत, एका बाजूला करंगळीच्या नखाएवढी पोकळी होती. तो मटकन खाली बसला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

मग त्याने लेथवर जाड पोलादाची नळी घडवली. दोन्ही दांडे त्यात ठोकून बसवले, आरपार दोन आडवे बोल्ट घातले आणि त्यावर वेल्डिंग केलं. दांडा टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात पकडून, त्याला लांब पाइप लावून तो स्वतः त्यावर लोंबकळला. जोड हलला नाही. पुलगावपर्यंत तीनदा एकट्याने गाडी नेऊन आणली, देवळीचं वळण दर वेळी मुद्दाम जोरात घेतलं.

दोघं नवरा-बायको आले तेव्हा त्याने कापलेला तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. "हा पहिला जोड. कच्चा होता, मीच केलता. आताचा पक्का आहे, तरी दर तीन महिन्यांनी मले दाखवायचा."

जंगू 'जमत नाही' म्हणाला नाही, हे पाहून प्रभाकररावांचा चेहरा उतरला. सुलोचनाबाईंनी तो तुकडा उलटून-पालटून पाहिला, उजेडाला बॅटरी मागितली, वाकून नवा जोड पाहिला आणि गाडी घेऊन निघाल्या. दहा मिनिटांत परत आल्या त्या चिडूनच.

"पाण्यात हात फिरवल्यासारखं वाटून राह्यलं! खालचं चाक कुठं वळलं तेच कळत नाई."

जंगूला आधी राग आला. मग तो स्वतः चालवून आला आणि म्हणाला, "बरोबर आहे, बाई." रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बंडूजींकडून त्याने मोटरचा जोर कमी-जास्त करायची घुंडी करून घेतली. बाजारात चाक हलकं करायचं, मोकळ्या रस्त्यावर जड.

चार वर्षं सुलोचनाबाईंनी गाडी चालवली. प्रभाकरराव शेजारी दाराची मूठ धरून बसत, पण बसत. तीन महिने उलटूनही बाई आल्या नाहीत, तर जंगू स्वतःच लुना काढून पुलगावला जाई आणि अंगणात गाडीखाली शिरे. लोक जुन्या जिपा घेऊन आले, आमच्याही करून द्या म्हणाले. त्याने एकही केली नाही.

२००८मध्ये बाईंची नजर अधू झाली. त्यांनी गाडी अमरावतीच्या भाच्याला दिली. गाडी न्यायला तो आला, तेव्हा जंगू पुलगावला बाईंच्या फाटकात उभा होता.

"अमरावतीले घर कुठं आहे तुमचं?" त्याने विचारलं, आणि पत्ता कागदावर लिहून घेतला.